सोलरची रेल बसवताना या चुका टाळा: पॅनल चढण्याआधी छतावर जाऊन काय बघायचं

मागच्या जूनमध्ये नागपूरच्या बेसा भागातल्या एका काकूंचा फोन आला. "भाऊ, रात्री वारा सुटला की वरती कोणी ताट वाजवून राहिलं असं वाटते. झोप नाही लागत." जाऊन पाहिलं. तीन किलोवॉटची सिस्टिम, सहा पॅनल, बसवून आठ महिने झालेले. टोकाच्या पॅनलला हात लावला तर ते खालीवर हललं. पॅनलची फ्रेम ३० मिलिमीटरची आणि एंड क्लॅम्प, म्हणजे टोकाच्या पॅनलला रेलवर दाबून धरणारी पकड, ३५ मिलिमीटरचा. मधली पाच मिलिमीटरची फट भरायला रबराचा तुकडा दुमडून कोंबला होता. उन्हाळ्यात ते रबर कडक होऊन पडून गेलं आणि पॅनल एका बाजूने मोकळं झालं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागलं आणि आपल्याकडे कॉलनी-कॉलनीत पॅनल चढले. लोक पॅनलची कंपनी विचारतात, इन्व्हर्टरची वॉरंटी विचारतात. रेल, म्हणजे पॅनल ज्यावर बसतं ती ॲल्युमिनियमची पट्टी, आणि क्लॅम्पबद्दल फारसं कोणी विचारत नाही. पॅनल ठेवलं की रेल झाकली जाते आणि तिच्यासोबत चूकही झाकली जाते. म्हणून माझं आग्रहाने सांगणं आहे: स्ट्रक्चर उभं झालंय, पॅनल अजून खाली भिंतीला टेकून ठेवलेत, त्या वेळी तासभर काढा आणि छतावर जा.

"एवढं वजन आहे, उडणार कुठे?"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक म्हणजे आयएस ८७५ भाग ३. त्यात नागपूरसाठी मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण १,१६० न्यूटन दाब येतो. ५४० वॉटचं एक पॅनल अडीच चौरस मीटरपेक्षा थोडं मोठं असतं, म्हणजे एका पॅनलवर जवळपास ३०० किलोचा जोर. पॅनलचं स्वतःचं वजन मात्र २८ किलोच्या आसपास. इमारतीची उंची, पॅनलचा उतार, छतावरची जागा यानुसार डिझाइनमधला आकडा बदलतो. पण पॅनल वजनाने जागेवर राहतं हा समज यातून निघून जावा. त्याला खाली धरून ठेवतात ते क्लॅम्प, रेल, पाय आणि पायाखालचा अँकर, म्हणजे छतात रुतवलेला बोल्ट. छताच्या कोपऱ्याला आणि कडेला ओढ सगळ्यात जास्त असते, त्यामुळे कठड्याला चिकटून पॅनल लावू नका. खाली वाळवण घालता यावं, बसता यावं म्हणून सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर करून घेणार असाल तर वारा खालून शिरतो. तिथे तिरके आधार आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा हिशोब लागतोच.

कोब्यात ठोकलेला अँकर

नागपुरातल्या बहुतेक स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे. तीन-चार इंच जाडीचा, वर सिमेंट घोटलेला. वरून बघितलं तर काँक्रीटसारखाच दिसतो. फिटर तीन इंचाचं भोक पाडतो, अँकर फास्टनर ठोकतो, नट आवळतो, आणि तो आवळलाही जातो. पण पकड विटेच्या चुऱ्यात असते. दोन पावसाळे, दोन वादळं गेली की बेस प्लेट, म्हणजे पायाखालची लोखंडी पट्टी, डुलायला लागते.

ओळखायची खूण सोपी आहे. ड्रिल चालू असताना खाली बसून बुकणी बघा. लाल निघतेय तोवर तुम्ही कोब्यातच आहात. राखाडी निघू लागली की स्लॅब लागला. पण स्लॅबपर्यंत जायचं म्हणजे वॉटरप्रूफिंग फोडायचं, आणि स्लॅबच्या पोटात पंख्या-दिव्यांच्या वायरचे पाइप असतात. पंख्याच्या वायरचा पाइप ड्रिलने फोडलेलं घर मी पाहिलं आहे.

माझ्या मते कोबा असलेल्या छतावर सिमेंट काँक्रीटचे ठोकळेच बरे. ठोकळा किती वजनाचा हवा हे वाऱ्याच्या हिशोबातून ठरतं, "मागच्या घरी एवढाच केला होता" यावरून ठरत नाही. ठोकळे कोब्याच्या उतारावर पाण्याच्या वाटेत आडवे येऊ देऊ नका. आणि ते ओतले की निदान सात दिवस पाणी मारा. आज ओतून उद्या बेस प्लेट आवळली तर बोल्टभोवती बारीक तडा जातो आणि तो महिनाभराने दिसतो.

भोक पाडून केमिकल अँकर घालायचाच असेल तर भोकातली बुकणी ब्रश आणि हवेच्या पंपाने पूर्ण काढून टाका. बुकणी राहिली तर केमिकल बुकणीला चिकटतं, काँक्रीटला नाही.

नवतप्यात मोजलेली सावली

हे आपल्या गावाचं खास आहे. मेच्या अखेरीस, नवतपा सुरू होतो त्याच सुमारास, दुपारी सूर्य नागपूरच्या जवळपास डोक्यावर असतो आणि टाकीची सावली टाकीच्या पायातच राहते. अशा वेळी कोणी साइट बघून गेला तर त्याला पाण्याची टाकी, कठडा, शेजारचा मजला, काहीच आडवं येत नाही. रेल तिथेच लागते. डिसेंबरात सूर्य भर दुपारीही जेमतेम ४५ अंशांवर असतो. म्हणजे चार फूट उंच टाकीची सावली चार फूट लांब, आणि सकाळी नऊ वाजता त्याहून कितीतरी लांब. मग हिवाळ्यात युनिट का घटले म्हणून इन्व्हर्टरला दोष. रेलची जागा डिसेंबरचा सूर्य धरून आखा. उन्हाळ्यात मोजत असाल तर मोबाइलवरच्या सूर्यमार्ग दाखवणाऱ्या ॲपने डिसेंबरची तारीख टाकून बघा.

रेल, जोड आणि क्लॅम्प

ॲल्युमिनियम उन्हाने लांबतं. सहा मीटरची रेल जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असते आणि मेच्या दुपारी ७० पर्यंत जाऊ शकते. तेवढ्यात ती सुमारे आठ मिलिमीटर वाढते. दोन रेल एकमेकींना टेकवून जोडल्या तर ही वाढ कुठे जाणार? एक तर रेल वाकते, नाहीतर पाय ओढला जातो. जोडावर निर्मात्याने सांगितलेली फट ठेवा आणि त्या फटीवरून एकच पॅनल आडवं टाकू नका.

दुसरी चूक रेल कापताना होते. पॅनलच्या कडेबरोबर रेल कापली की एंड क्लॅम्प अगदी टोकावर बसतो, अर्धा हवेत. दोन-तीन सेंटिमीटर रेल पुढे राहू द्या. आणि शेवटच्या पायापलीकडे रेल किती लोंबकळू शकते, दोन पायांत किती अंतर चालतं, हे रेलच्या निर्मात्याच्या तक्त्यात असतं. तो कागद मागून घ्या.

क्लॅम्प फ्रेमवर कुठे धरायचा हेही ठरलेलं असतं. पॅनलच्या माहितीपत्रकात लांब कडेवरचा पट्टा दाखवलेला असतो. साधारणपणे टोकापासून लांबीच्या पाचव्या ते चौथ्या भागापर्यंत. रेलचं अंतर पॅनल बघून ठरवायचं असतं. इथे उलटं होतं. पाय आधी रोवतात, मग पॅनल जिथे बसेल तिथे क्लॅम्प. काच वाऱ्याने मधोमध लवत राहते, सेलला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात आणि वॉरंटीचा दावा फेटाळला जातो. क्लॅम्प जुळत नाही म्हणून फ्रेमलाच भोक पाडणं तर कधीच करू देऊ नका.

आवळायला टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळता येणारा पाना, वापरा. एम८ बोल्टला बहुधा १२ ते १६ न्यूटन-मीटर, नेमका आकडा क्लॅम्पच्या कागदावर असतो. इम्पॅक्ट मशीनने स्टेनलेस बोल्ट सपाट्याने फिरवला की आटे तापून नट जागीच जाम होतो. तो आवळला गेला असं वाटतं, पण पकड आलेलीच नसते.

टिनाचं छप्पर असेल तर

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर आणि खालच्या पर्लिनमध्येच (पत्र्याखालच्या आडव्या आधारात) जायला हवा. खोलगट भागात मारला तर पावसाचं सगळं पाणी त्यावरूनच वाहतं. वॉशर ईपीडीएम रबराचा घ्या आणि तो चपटा होऊन बाहेर येईपर्यंत दाबू नका. पत्रा आणि पॅनल यांत निदान चार इंच हवा खेळू द्या. पॅनल जसजसं तापतं तसतशी वीज घटते, साधारण दर अंशाला ०.३५ टक्के, नागपूरच्या मेमध्ये हा तोटा खूप मोठा होतो.

पत्र्यावर ग्राइंडर चालवू देऊ नका. लोखंडाचे उडालेले बारीक कण पत्र्यावर पडून राहतात, पहिल्या पावसात त्यांचे तांबूस ठिपके होतात आणि तिथूनच पत्रा गंजत जातो. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप कापला किंवा वेल्डिंग केलं की जस्ताचा थर जळतो. त्या जागी जस्ताचा स्प्रे मारलाच पाहिजे, साधा सिल्व्हर रंग पुरत नाही. अर्थिंगची तांब्याची तार ॲल्युमिनियमला थेट लागू देऊ नका, ओलाव्यात तांबं ॲल्युमिनियमला खातं. मध्ये कथिल चढवलेला लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) घाला. रेलच्या जोडावर अर्थिंगचा पूलही हवा, म्हणजे दोन्ही रेल जोडणारी तार.

आधीच बसवून झालं असेल तर

आवाज कधी येतो ते आधी नोंदवा. वारा नसताना सकाळी दहाच्या सुमारास आणि दिवे लागणीला टक टक होत असेल तर ती रेल तापते-निवते आहे. जोडावर फट आहे का बघा. वाऱ्यासोबत खडखड होत असेल तर क्लॅम्प सैल आहे, त्याच दिवशी माणूस बोलवा. दरवर्षी मेच्या आधी एकदा सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासून घ्या. बेसाच्या घरी आम्ही ३० मिलिमीटरचे एंड क्लॅम्प आणून चारही टोकांना बदलले. काम दीड तासाचं होतं.

छत गळत असेल तर थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही. पाणी कोब्यात शिरून लांबवर सरकतं. सगळ्या बेस प्लेटभोवती एकदम सिलिकॉन फासल्याने काही कळत नाही. एका पायाभोवती मातीची पाळ घालून पाणी साठवा, दिवसभर खाली बघा, मग पुढचा पाय. उताराच्या वरच्या बाजूच्या पायापासून सुरुवात करा.