शाळेत इंटरॅक्ट क्लब चालवायचाय? आधी गप्प बसायला शिका

दर जूनमध्ये कुणी ना कुणी विचारतं, मुलांना समाजकार्याची गोडी कशी लावायची? आणि मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी सल्ला देतं: व्याख्यान ठेवा, टी-शर्ट छापा, प्रमाणपत्रं वाटा. हे तिन्ही मी करून पाहिलंय. त्यानं पहिल्या सभेला हॉल भरतो, तिसऱ्या सभेला बाकं रिकामी. मुलं टिकतात ती एकाच कारणानं. आपण ठरवलेलं काम खरंच झालं, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं लागतं. तालुक्याच्या गावातल्या एका शाळेचा क्लब बारा वर्षं सांभाळून मला एवढं कळलंय, आणि खाली लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. इंटरॅक्ट हा रोटरी या जागतिक समाजसेवी संघटनेचा १२ ते १८ वयाच्या मुलांचा क्लब. पहिला १९६२ साली फ्लोरिडातल्या मेलबर्न गावच्या शाळेत निघाला. अठराच्या पुढच्यांसाठी रोटरॅक्ट आहे, आणि त्याची तिशीपर्यंतची वयाची अट २०२० पासून उठली. पाठीशी एक रोटरी क्लब, मुख्याध्यापकांची संमती आणि पालकांची सही असलेलं परवानगीपत्र एवढं जमलं की सुरुवात करा.

सभा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, तासाभराची. संध्याकाळी ठेवलीत तर वाड्या-वस्त्यांवरून एसटीनं येणारी मुलं आपोआप गळतात, मुली सगळ्यात आधी.

अध्यक्ष नववीतला निवडा, दहावीतला नको. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि दहावीची मुलं दिवाळीनंतर सराव परीक्षांत बुडालेली असतात. वक्तृत्वात बक्षीस मिळवणारा मुलगाच अध्यक्ष हवा, हा आग्रहही सोडा.

आता खरी अवघड पायरी. पहिलं काम कोणतं करायचं, हे कोण ठरवणार?

पहिल्या वर्षी मी ठरवलं: वृक्षारोपण. खड्डे मी सांगितले, रोपं मी आणली, बॅनरवरचा मजकूरही माझाच. मुलांनी रोपं लावली, फोटो निघाले, आणि पावसाळा सरल्यावर एकाही मुलानं त्या रोपांना तांब्याभर पाणी घातलं नाही. ती रोपं त्यांची नव्हतीच. तीस मुलांचा क्लब दिवाळीपर्यंत नऊवर आला. दुसऱ्या वर्षी शहाणपणा केला आणि तीन पर्याय फळ्यावर लिहून त्यांनाच निवडायला सांगितलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला आवडणारा पर्याय निवडला. हा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट, कारण आपण मुलांना निर्णय दिला असं मला वर्षभर वाटत राहिलं.

तिसऱ्या वर्षापासून पद्धत बदलली, ती आजवर तशीच आहे. मुलांच्या जोड्या करतो. प्रत्येक जोडीला एक वही, पाऊण तास, आणि शाळेपासून पायी जाता येईल एवढाच परिसर. वहीत फक्त दिसलेलं आणि लोकांनी सांगितलेलं लिहायचं. उपाय लिहायचा नाही, ही अट कडक पाळा. उपाय सुचायला लागला की मुलं बघायचं थांबवतात आणि ‘जनजागृती रॅली’ असं लिहून मोकळी होतात. पुढच्या शनिवारी सगळ्या वह्या मोठ्यानं वाचायच्या. पाच हजारांपेक्षा जास्त खर्चाचं, दीड महिन्यात न संपणारं आणि आपल्याला परवानगी मिळणार नाही असं सगळं मुलांनीच खोडायचं. उरलेल्यांवर चिठ्ठ्या टाकून मतदान.

या सगळ्या वेळात मोठ्या माणसानं शेवटच्या बाकावर बसायचं. मुलं अडतील आणि माना वळवून तुमच्याकडे बघतील. ती शांतता फार जड असते. मला ती पहिल्यांदा सहन झाली नाही आणि मी बोललो. त्या दिवसाची सभा तिथंच माझी झाली. मग कुणीतरी म्हणतं, ‘सर, तुम्ही सांगाल ते करू.’ क्लब मारणारं वाक्य हेच. ते ऐकून भारावून जाऊ नका. माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘मलाही नक्की कळलेलं नाही. कुणाला विचारलं तर कळेल?’ मग मुलं शिपाईकाकांना विचारतात, पाणी सोडणाऱ्याला विचारतात, बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींना विचारतात. आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो, पण जात नाही.

त्या वर्षी दोन मुलींच्या वहीत एक ओळ होती: ‘मुली शाळेत पाणी पीत नाहीत.’ का, तर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारांना आतून कड्याच नव्हत्या, म्हणून घरी जाईपर्यंत तहान मारायची. मी त्या शाळेत कितीतरी वर्षं जात होतो, मला हे माहीत नव्हतं. मतदानात हेच काम निवडून आलं. आमच्यातल्या एका ज्येष्ठांना ते फार किरकोळ वाटलं; आरोग्य शिबिर घ्या, असं त्यांचं म्हणणं. मी मुलांच्या बाजूनं उभा राहिलो, आणि त्या क्लबात मी केलेलं सर्वांत चांगलं काम तेच असं मला आजही वाटतं. आठवीतल्या एका मुलीनं अर्ज लिहिला, तीन वेळा सराव केला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत एकटी जाऊन बोलली. कड्या, कोयंडे, दोन बादल्या आणि सुताराची मजुरी मिळून २,३४० रुपये लागले. शाळेतल्या प्रत्येक मुलीला ते काम रोज हाताला लागत होतं. पुढच्या सभेला नवीन मुली स्वतःहून आल्या.

निर्णय मुलांचा आणि पैसे आपल्या खिशात, असं चालत नाही. पैसेही द्या. एका वेळी हजार रुपयांची उचल, पावत्या जमा झाल्या की पुढची. रोजची जमा-खर्चाची वही खजिनदारानं स्वतःच्या अक्षरात लिहायची आणि दर सभेत वाचायची. एकदा खजिनदार मुलीकडून २०० रुपये हरवले. ती रडली, आणि दोन मोठ्यांनी पैशांची पेटी परत मागितली. आम्ही दिली नाही. वहीत ‘तूट २०० रुपये’ अशी नोंद तिनंच केली, सभेत तिनंच वाचली, आणि पेटी तिच्याकडेच राहिली. त्यानंतर वर्षभर एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नाही. मात्र वर्गणीसाठी मुलांना दुकानोदुकानी कधीही पाठवू नका.

दोन गोष्टींवर मी मतदान घेत नाही. पहिली सुरक्षितता: रहदारीचा रस्ता, नदी-विहीर, अंधारानंतरचं काम बंद, बाहेर जाताना दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. दुसरी वाटपाचे कार्यक्रम. स्टेजवर बोलावून वह्या किंवा गणवेश देताना फोटो काढायचे नाहीत. घेणारा मुलगा बहुतेक वेळा देणाऱ्याच्याच वर्गात बसतो. सोमवारी दोघांना एका बाकावर बसायचं असतं.

बाकीचं वर्ष सोपं आहे. इंटरॅक्टला वर्षात किमान दोन उपक्रम लागतात: एक शाळेसाठी किंवा गावासाठी, दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा. दुसऱ्यासाठी परदेशातल्या एखाद्या इंटरॅक्ट क्लबशी व्हिडिओ कॉल पुरतो, फक्त प्रश्न मुलांनी तयार करावेत. राय्ला, म्हणजे रोटरीचं युवा नेतृत्व शिबिर, जवळपास असेल तर सभेत कमी बोलणारं मूल पाठवा. परत आल्यावर पंधरा दिवसांत एक सभा त्याच्याकडे सोपवा, नाहीतर शिबिराच्या फक्त आठवणी उरतात.

नवीन पदाधिकाऱ्यांची निवडणूक जानेवारीत घ्या. जूनपर्यंत थांबलात तर मध्ये परीक्षा, मग सुट्टी, आणि जुन्या मुलांचे फोनही लागत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत नवा खजिनदार जुन्याच्या शेजारी बसून वही लिहितो. वार्षिक परीक्षेआधीच्या शेवटच्या सभेत शिल्लक रक्कम सगळ्यांसमोर मोजायची, नोटांचा आणि नाण्यांचा आकडा वहीत लिहायचा, दोघांनी खाली सह्या करायच्या आणि पेटीची किल्ली नव्याच्या हातात द्यायची. ती मोजणी चालू असताना तुम्ही शेवटच्या बाकावरच बसा.