वाटीचे ग्रॅम करताना या चुका टाळा

गोड्या मसाल्याचे आमच्या घरचे प्रमाण सासूबाईंच्या वहीत वाट्यांनी लिहिलेले आहे: चार वाट्या धने, एक वाटी तीळ, अर्धी वाटी जिरे. इंदूरच्या सियागंजात मात्र सारा माल किलोने मिळतो, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी एक वाटी म्हणजे २०० ग्रॅम असा सरळ हिशेब केला आणि ८०० ग्रॅम धने व २०० ग्रॅम तीळ घेऊन आले. मसाला वर्षभर पुरला खरा, पण आमटीला धन्याच्या पुडीखेरीज कशाचीच चव येईना. सासूबाईंनी बरणी उघडून वास घेतला आणि एवढेच म्हणाल्या, "धने फुगीर असतात गं, वाटीत निम्मी हवाच मावते."

मिलिलिटर आणि ग्रॅम एकच, हे पाण्यापुरते खरे आहे. दाण्यांच्या मधल्या फटी आणि दाण्यांचा पोकळपणा यांमुळे १०० मिलिलिटरच्या सपाट मापात तीळ किंवा खसखस साधारण ६० ग्रॅम, जवस ७० ग्रॅम, मेथ्या ७५ ग्रॅम मावतात. जिरे आणि बडीशेप (इथल्या दुकानात ती सौंफ म्हणूनच मागावी लागते) ४० ग्रॅमच्या आसपास, तर धने जेमतेम ३४ ग्रॅम. या हिशेबाने २०० मिलिलिटरच्या चार वाट्या धने म्हणजे सुमारे २७० ग्रॅम आणि एक वाटी तीळ म्हणजे १२० ग्रॅम. मापाने चारास एक असलेले प्रमाण वजनाने सव्वादोनास एक एवढेच होते. मी मात्र वजनानेही चारास एक घातले होते. धन्यांचा आकार जातीनुसार बदलतो, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे समजावेत आणि ज्या दाण्याचे प्रमाण पदार्थात मोठे आहे तो तरी स्वतः तोलून पाहावा.

दुसरी चूक वाटीची. घरातल्या दोन वाट्या क्वचितच सारख्या असतात, आणि बाजारातले मापाचे कपही कोणी २४० मिलिलिटरचे बनवतो, तर कोणी २५० चे. ज्या वाटीने प्रमाण ठरले तीच वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि ती काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर त्या वाटीत मावतात. पाणी १८० ग्रॅम भरले, तर तिळासाठी १८० ला ०.६ ने गुणावे: १०८ ग्रॅम.

शीग लावलेली वाटी आणि सुरीने सपाट केलेली वाटी यांत बराच फरक पडतो, आणि उथळ, पसरट वाटीत तर फारच. वाटी ओट्यावर आपटली की दाणे बसतात आणि वजन वाढते. म्हणून दाणे अलगद भरून शीग पुसून टाकावी.

साबूत दाणा आणि त्याची पूड यांना एकच आकडा लावू नये. १५ मिलिलिटरच्या चमच्यात साबूत जवस १० ग्रॅम मावतात, त्याच चमच्यात जवसाची पूड सुमारे ७ ग्रॅम. त्यामुळे "दोन चमचे जवस कुटून" आणि "दोन चमचे कुटलेले जवस" या दोन निराळ्या सूचना आहेत. भाजल्यावर दाण्यांतला ओलावा जातो, तेव्हा वजन कच्च्याचेच करावे.

जुन्या वहीत शेर लिहिला असेल, तर आधी तो कोणता हे पाहावे, कारण शेर वजनाचाही होता आणि मापाचाही. ८० तोळ्यांचा वजनी शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. पायली आणि मापटे यांच्या पंगतीला बसणारा शेर मापाचा, आणि त्याचे ग्रॅम दाण्यागणिक वेगळे.

चमचाभर जिऱ्याचे वजन एकदाच करणेही फसवे असते. स्वयंपाकघरातले बहुतेक काटे एकेका ग्रॅमने पुढे सरकतात, आणि चहाचा ५ मिलिलिटरचा चमचाभर जिरे म्हणजे जेमतेम २ ग्रॅम. दहा सपाट चमचे एकाच भांड्यात टाकून तोलावेत आणि आलेल्या आकड्याला दहाने भागावे.