पाय खुसखुशीत, पाया पक्का: सणाच्या घरगुती जेवणासाठी पाय आणि गोड पदार्थ कसे निवडावेत

आधी शब्दाचा घोळ मिटवून टाकू. ‘पाय’ म्हणजे इथे पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला गोल पदार्थ. ‘भोपळ्याचा पाय’ म्हटल्यावर घरात कुणाला हसू येत असेल तर हसून घेऊ दे, मग कामाला लागा.

सणाच्या जेवणाला गोड काय करायचं म्हटलं की लोक जिभेला विचारायला जातात. ह्याला सफरचंदाचा आवडतो, तिला चॉकलेटशिवाय चालत नाही, धाकट्याला चीझकेकच हवा, असं करत यादी सातावर जाते. जिभेला शेवटी विचारा. आधी ओव्हनला विचारा, मग फ्रिजला, मग कॅलेंडरला. सणाच्या दिवशी ओव्हन सकाळपासून मुख्य जेवणाने अडवलेला असतो आणि फ्रिजमध्ये वाटीसुद्धा शिरत नाही. जेवणाच्या तासाला ज्याला ओव्हन लागतो, तो पदार्थ कितीही चांगला असला तरी यादीतून बाद.

किती आणि कुणासाठी

९ इंची (२३ सेंटिमीटर) पायचे व्यवस्थित ८ तुकडे होतात. भरपेट जेवण झाल्यावर बहुतेक जण ‘ह्यातला जरासा, त्यातला जरासा’ असंच घेतात. त्यामुळे १२ माणसांना दोन पाय आणि एक थंड पदार्थ पुरून उरतो. माणसं २० असतील तर तेच पदार्थ जास्त करा, प्रकार वाढवू नका. पाच प्रकार मांडले की पाचही अर्धे अर्धे उरतात आणि करणारा ओट्यापाशी उभ्यानेच जेवतो.

सुकामेवा, अंडं, गहू, दूध ह्यातलं कुणाला काय चालत नाही, ते बोलावतानाच विचारून घ्या. शाकाहारी पाहुण्यांच्या बाबतीत हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे जिलेटिन. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, आणि न भाजता सेट केलेल्या चीझकेकमध्ये, पॅनाकोटामध्ये (क्रीम सेट करून केलेला गोड पदार्थ), मार्शमॅलोमध्ये गुपचूप बसलेलं असतं. त्याऐवजी अगार-अगार (चायना ग्रास) वापरता येतं, पण जिलेटिनच्या मापाने घालू नका. ते फार कडक सेट होतं, आणि उकळल्याशिवाय कामच करत नाही.

तीन पदार्थ, तीन स्वभाव

एक आंबट फळाचा, एक मऊ दुधाळ आणि एक ओव्हन न लागणारा. झालं.

भोपळ्याचा, रताळ्याचा आणि पेकनचा (अक्रोडासारख्या सुक्यामेव्याचा) असे तीन पाय मी एकाच टेबलावर पाहिले आहेत. तिन्ही तपकिरी, तिन्ही गोडमिट्ट, आणि दोघांना दालचिनी-जायफळाचा अगदी एकच वास. तिसऱ्या घासाला जीभ कंटाळते. जड जेवणावर तोंडाला आंबट हवं असतं, म्हणून लिंबू, चेरी किंवा आंबट सफरचंद ह्यांपैकी एक पाय असलाच पाहिजे. ह्यावर मी वाद घालत नाही. सफरचंद ग्रॅनी स्मिथसारखं घट्ट आणि आंबट घ्या. नुसतं खाताना जे मऊ, रवाळ लागतं, त्याचा ओव्हनमध्ये लगदा होतो.

थंड पदार्थात ट्रायफल (केक, कस्टर्ड, फळं आणि क्रीमचे थर) करा, मूस (फेटून हलका केलेला क्रीमचा पदार्थ) करा, नाहीतर आइस्क्रीमचा डबा उघडा. ट्रायफलमध्ये दारू घालणार असाल तर मुलांसाठी वेगळी वाटी काढून ठेवा.

कोण किती थांबतो

चीझकेक रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्याशिवाय धड कापला जात नाही, तेव्हा तो दोन दिवस आधी. भोपळ्याचा किंवा कस्टर्डचा पाय आदल्या दिवशी. त्यात अंडं-दूध असतं, म्हणून गार झाला की फ्रिजमध्ये, २ तासांपेक्षा जास्त बाहेर नको. फळाचा पाय आदल्या संध्याकाळी, तो ओट्यावर झाकून ठेवला तरी चालतो. पारीचा गोळा दोन दिवस आधी मळून फ्रिजमध्ये, किंवा महिनाभर आधी फ्रीझरमध्ये. क्रीम आयत्या वेळी फेटा.

लेमन मेरँग पायचा मोह सगळ्यांना होतो. मेरँग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून वर चढवलेला फेस. रात्रभरात मेरँगला पाणी सुटतं, वर चिकट थेंब जमतात आणि सगळा टोप खालच्या लिंबाच्या सारणावरून घसरायला लागतो. त्याच दिवशी करायला सवड नसेल तर मेरँग सोडा, नुसता लिंबाचा पाय करा. सूफ्लेचं नावही काढू नका, तो ओव्हनमधून काढल्या काढल्या बसायला लागतो.

विकत आणायला लाज कसली? चीझकेक खुशाल आणा. फळाचा पाय आणलात तर वाढण्याआधी १८० अंशांवर (इथे सगळे अंश सेल्सियस) १०-१५ मिनिटं ठेवा, पारीत पुन्हा जीव येतो.

आता तळ

वरचं सगळं अर्ध्या तासात कागदावर ठरतं. ह्या एका गोष्टीत मात्र माझे कितीतरी सण वाया गेले आहेत.

एका वर्षी घरी १२ जण होते. माझा सफरचंदाचा पाय वरून सोनेरी, मुरड एकसारखी, फटींतून वाफ येतेय. सगळ्यांनी वा वा केलं. मग ताटल्या उचलताना दिसलं, प्रत्येक ताटलीत एक त्रिकोणी, पांढुरका तुकडा पडलेला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. लोकांनी काट्याने वरचं सगळं खरवडून खाल्लं होतं आणि तळ तेवढा ठेवला होता. मावशीने तिचा तुकडा कागदी रुमालाखाली झाकून ठेवला होता, मला वाईट वाटू नये म्हणून. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तळ कच्चा का राहतो? वरच्या पारीला ओव्हनची कोरडी हवा थेट लागते. तळाच्या पारीच्या खाली भांडं आणि डोक्यावर ओलं सारण. बटर ३२-३५ अंशांनाच वितळायला लागतं. तळ भराभर तापला तर बटरमधल्या पाण्याची वाफ होऊन थर सुटतात आणि मैदा लगेच धरतो. मंद तापला तर बटर आधी गळून जातं, त्याच्या जागी सारणाचा रस शिरतो, आणि पारी भाजण्याऐवजी शिजते. एकदा शिजली की पुढे तासभर ओव्हनमध्ये ठेवून वरची पारी जाळलीत तरी खालची सुधारत नाही.

ह्यावर जे सल्ले मिळतात ते ऐकून माझं डोकं फिरतं. ‘तळाला काट्याने भोकं पाडा.’ पातळ कस्टर्ड त्या भोकांतून खाली उतरतं, भांड्याला चिकटून बसतं आणि तुकडा निघतच नाही. ‘ब्रेडचा चुरा पसरा.’ मग तळाशी ओला ब्रेड लागतो. ‘मधल्या कप्प्यात ठेवा, वरून सोनेरी झालं की काढा.’ हा सल्ला सगळ्यात घातक. वरचा रंग तळाबद्दल काहीही सांगत नाही.

पारीचं माप सोपं आहे. वजनाने मैदा ३, बटर २, पाणी १. वर-खाली दोन्ही पाऱ्यांना ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम थंड बटर आणि सुमारे १०० मिली बर्फाचं पाणी, त्यातलंही सगळं एकदम ओतू नका. मोहन अगदी एकजीव होईस्तोवर चोळायचं नाही, वाटाण्याएवढे बटरचे खडे दिसत राहिले पाहिजेत. गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवा. लाटलेली पारी भांड्यात अलगद सोडा, कोपऱ्यात बोटाने दाबून बसवा. ताणून बसवलीत तर ओव्हनमध्ये ती तेवढीच मागे सरकते आणि कडा खाली कोसळतात.

इथून पुढे दोन वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ करायची नाही.

पहिली वाट कस्टर्ड, भोपळा, लिंबू अशा पातळ सारणांची. इथे पारी आधी नुसती भाजून घ्यावीच लागते, त्याला ब्लाइंड बेकिंग म्हणतात. पारी बसवलेलं भांडं अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा (काचेचं नको, ते गरम ओव्हनमध्ये तडकतं). वर चुरगळून मऊ केलेला बटर पेपर अंथरा आणि त्यात राजमा किंवा कुठलंही जुनं कडधान्य भरा. मूठभर नाही, काठापर्यंत. मी चार वर्षं तळाला फक्त एक थर देत होतो आणि कडा का कोसळतात म्हणून पिठाला दोष देत होतो. वजन तळापेक्षा कडांना लागतं. कडधान्य नसेल तर साखर भरा, ती तर सगळ्या कोपऱ्यांत जाऊन बसते. ते कडधान्य नंतर उसळीला वापरू नका, बरणीत भरून पुढच्या पायला ठेवा.

२०० अंशांवर २५ मिनिटं. मग कागदाचं एक टोक उचलून बघा. पारी कागदाला चिकटत असेल, तेलकट आणि अर्धपारदर्शक दिसत असेल तर ती कच्ची आहे, आणखी ५ मिनिटं द्या. ओढून काढलीत तर तळाचा पापुद्रा कागदाबरोबर येईल. मी ओढलाय. कागद सुटला की वजन काढा आणि पारी उघडीच आणखी १०-१५ मिनिटं भाजा, तळ बिस्किटाच्या रंगावर येईपर्यंत. ‘फिकटच काढा, सारणाबरोबर पुन्हा भाजायचीच आहे’, असं लोक सांगतात. ऐकू नका. सारण पडल्यावर तो तळ कधीही भाजला जाणार नाही, जो रंग आणायचा तो आत्ताच. शेवटी अंड्याचा पांढरा बलक पातळसर फिरवा आणि २ मिनिटं परत आत, चिरा बुजतात. सारण पुन्हा भाजायचं नसेल, नुसतं थंड क्रीम भरायचं असेल, तर बलकाऐवजी वितळलेल्या चॉकलेटचा हात द्या.

सारण कोमट असतानाच गरम पारीत ओता. ताजा भोपळा वापरत असाल तर त्याचा गर कढईत परतून पाणी आटवा, नाहीतर इतकी मेहनत पाण्यात. भांडं हलवल्यावर मधला भाग जेलीसारखा थरथरत असतानाच पाय बाहेर काढा. थर्मामीटर असेल तर मध्यावर ८० अंश. थरथर थांबेपर्यंत वाट पाहिलीत तर वर भेगा पडतात.

दुसरी वाट फळाच्या झाकलेल्या पायची. इथे तळ आधी भाजून चालत नाही, कारण कच्ची वरची पारी भाजलेल्या कडेला नीट जोडली जात नाही. मग तळाला आच द्यायची आणि रस आधीच काढून घ्यायचा. सव्वा किलो सफरचंदांच्या फोडींना साखर लावून तासभर चाळणीत ठेवा, खाली वाडगा. वाडग्यात जो रस साचतो तोच तुमचा ओला पुठ्ठा. तो छोट्या पातेल्यात पाकासारखा आटवा, गार करून फोडींवर परत घाला, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर मिसळा. चव कुठेही जात नाही, उलट दाट होते.

भांडं पातळ धातूचं, गडद रंगाचं. दिसायला चिनी मातीचं छान असतं, पण ते तापेपर्यंत बटर वितळून मोकळं होतं. ओव्हन तापायला लावतानाच सगळ्यात खालच्या कप्प्यात एक जाड लोखंडी ट्रे ठेवा आणि पाय थेट त्या तापलेल्या ट्रेवर चढवा. माझ्यासाठी सगळा फरक ह्या ट्रेने पडला. २२० अंशांवर पहिली २०-२५ मिनिटं, मग १९० वर आणखी ४०-४५. कडा काळ्या पडायला लागल्या तर तेवढ्यावर फॉइल लावा.

काढायचा कधी? मधल्या फटीतून रस वर येऊन जाडसर बुडबुडे सावकाश फुटायला लागले की. कडेचे बुडबुडे धरू नका, ते वीस मिनिटं आधीच येतात. मध्यावर रस रटरटल्याशिवाय कॉर्नफ्लोअर घट्ट होत नाही, आणि घट्ट न झालेला रस सगळा खाली झिरपतो.

आणि मग हात लावू नका. किमान ४ तास. ‘गरमागरम कापा’ म्हणणाऱ्या पाहुण्याला दुसरं काहीतरी काम द्या. गरम पायमधला रस पातळच असतो, सुरी लागली की भांड्यात तळं होतं आणि तुमचा खुसखुशीत तळ त्या तळ्यात बसतो. गरमच हवा असेल तर पूर्ण गार झालेला पाय १६० अंशांवर १५-२० मिनिटं परत तापवा. मुख्य जेवण बाहेर काढल्यावर ओव्हन रिकामाच असतो.

एवढं करायचं नसेल तर झाकलेला फळाचा पाय निवडू नका. फळांवर मैदा-बटर-साखरेचा चुरा पसरून क्रंबल भाजा. त्याला तळच नसतो.

वाढताना

चीझकेक आणि कस्टर्डला सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापाला. फळाच्या पायला दातेरी सुरी. पहिला तुकडा तुटणारच, दुसऱ्यासाठी जागा करायला तो हवाच असतो. तो ताटलीत न वाढता स्वयंपाकघरातच उलटा करून बघा, खालून तपकिरी आहे का ते, आणि मग उभ्या उभ्याच खाऊन टाका.