पहिला ॲक्टिव्ह स्पीकर बांधताना: आकडे भरण्याआधी माप

डीएसपी (आवाज डिजिटल पद्धतीने फिल्टर करणारे) बोर्ड स्वस्त झाल्यापासून फायनल इयरच्या प्रोजेक्टला किंवा हौसेने घरासाठी ॲक्टिव्ह स्पीकर, म्हणजे खालच्या स्वरांच्या वूफरला आणि वरच्या स्वरांच्या ट्विटरला वेगवेगळा ॲम्प्लिफायर असलेला स्पीकर, बांधायला घेणं आवाक्यात आलं आहे. बहुतेकांचं काम एकाच वळणाने जातं. बोर्ड येतो, ॲम्प्लिफायर येतात, कुठल्या तरी व्हिडिओतला क्रॉसओव्हरचा, म्हणजे वूफर आणि ट्विटरमध्ये स्वर वाटून देणाऱ्या फिल्टरचा, २५०० हर्ट्झचा आकडा भरला जातो आणि स्पीकर वाजतो. पण गाणाऱ्याचा आवाज नाकातून आल्यासारखा येतो. मग बोर्डाला नावं ठेवली जातात. बोर्डाचा दोष क्वचितच असतो. क्रॉसओव्हर लिहिला जातो सॉफ्टवेअरमध्ये, पण तो घडतो हवेत, दोन ड्रायव्हरांचे (वूफर आणि ट्विटरचे) आवाज एकत्र येतात तिथे. तिथे काय चाललंय हे माइक लावल्याशिवाय कळत नाही. म्हणून बजेट आखताना माइकचे पैसे आधी बाजूला काढा. यूमिक-१ सारखा, कॅलिब्रेशन फाइलसकट येणारा यूएसबी माइक तिघाचौघांनी मिळून घेतला तरी चालतो. मोजमापाचं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

सामान साधं आहे. एडीएयू-१७०१ या डीएसपी चिपचा एक बोर्ड: त्यात दोन इनपुट आणि चार आउटपुट असतात, म्हणजे स्टिरिओ टू-वेला (दोन खोकी, प्रत्येकात वूफर आणि ट्विटर) तो एकटा पुरतो. टीपीए-३११८ चे दोन स्टिरिओ ॲम्प्लिफायर बोर्ड, २४ व्होल्ट ६ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), दोन साडेसहा इंची वूफर, दोन एक इंची सिल्क डोम ट्विटर. उरलेल्या पैशांतला मोठा वाटा ड्रायव्हरवर घाला. फिल्टरने आवाजाचा तोल सुधारतो, पण स्वस्त वूफरच्या कोनमधली विकृती कुठल्याही फिल्टरने जात नाही.

खोक्यासाठी १८ मिलिमीटरचा प्लाय घ्या. एमडीएफ कापायला गुळगुळीत असतो, पण पावसाळ्यात त्याच्या उघड्या कडा दमट हवा पिऊन फुगतात. इगतपुरी-त्र्यंबककडे राहणाऱ्यांनी तर तो टाळावाच. एका खोक्याला पुढची-मागची फळी २०० × ३५६, बाजूच्या दोन २३० × ३५६, वरची-खालची १६४ × २३० मिलिमीटर. आतलं माप सुमारे १२ लिटर भरतं आणि दोन्ही खोकी ४ × ४ फुटांच्या तुकड्यात बसतात. सुताराला मापं मिलिमीटरमध्येच लिहून द्या. त्याचा हात सुतावर चालतो, आणि एक सूत म्हणजे जवळजवळ तीन मिलिमीटर. तेवढ्या फटीतून बंद खोकं हवा सोडतं आणि बास ढिला पडतो. गोल भोकं नाशिकच्या अंबड किंवा सातपूरला सीएनसी राउटरवर करून घेतली तर ड्रायव्हर नीट बसतात. भोकाचं माप हातातल्या ड्रायव्हरवरून व्हर्नियरने घ्या, विक्रेत्याच्या चित्रावरून नको. वूफर आणि ट्विटर एकमेकांना जवळजवळ चिकटवून लावा: क्रॉसओव्हर २२०० हर्ट्झला धरला तर तिथे तरंगलांबी साडेपंधरा सेंटिमीटर असते, आणि दोन्हींच्या मध्यांतलं अंतर त्याहून कमी राहिलं पाहिजे.

वायरिंगमध्ये एक चूक महाग पडते. टीपीए-३११८ च्या आउटपुटची वजा तार म्हणजे ग्राउंड नव्हे. ती तार दुसऱ्या स्पीकरच्या वजाला, मेटल कॅबिनेटला किंवा ऑसिलोस्कोपच्या ग्राउंड क्लिपला लागली की चिप जाऊ शकते. चारही आउटपुटच्या आठ तारा शेवटपर्यंत वेगळ्या ठेवा.

दुसरी तक्रार असते ट्विटरमधल्या सूं-सूं आवाजाची. एडीएयू-१७०१ चं आउटपुट जास्तीत जास्त ०.९ व्होल्ट आरएमएस असतं. ॲम्प्लिफायरचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) २६ डीबी, म्हणजे २० पट असेल तर १८ व्होल्ट होतात, आणि २४ व्होल्टच्या सप्लायवर तेवढ्यात क्लिपिंग, म्हणजे लाटेची टोकं कापली जाणं, सुरू होतं. वूफरला हे योग्य आहे. ट्विटरला मात्र २० डीबी, म्हणजे १० पट गेन पुरतो: ९ व्होल्ट, ८ ओहमवर १० वॉट. त्यात सूं-सूं सरळ ६ डीबीने उतरते. ट्विटर बहुधा वूफरपेक्षा जोरात वाजतो, आणि नवखे लोक त्याची पातळी डीएसपीमध्ये खाली ओढतात. त्याने सिग्नल घटतो, बोर्डाचा स्वतःचा नॉइज तसाच राहतो. पातळी ॲम्प्लिफायरचा गेन बदलून उतरवा. चिपच्या डेटाशीटमध्ये कोणता रेझिस्टर बदलायचा त्याचं कोष्टक आहे.

ट्विटरच्या तारेत २२ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर कायमचा ठेवा. ८ ओहमला तो साधारण ९०० हर्ट्झच्या खाली कापतो, त्यामुळे स्विच ऑनचा धक्का आणि चुकून आलेला बास अडतो. त्याचा थोडा परिणाम क्रॉसओव्हरच्या जागीही होतो, म्हणून मोजताना तो सर्किटमध्येच हवा. पहिल्यांदा चालू करताना मात्र ट्विटरच्या जागी एखादा जुना स्पीकर लावा आणि त्या चॅनलवर फक्त वरचे स्वर येताहेत याची खात्री करा. चॅनल उलटे लागले की ट्विटर जळू शकतो.

आता माप. खोकं गच्चीवर, आजूबाजूला भिंत नसेल अशा जागी, ट्विटर जमिनीपासून १.२ मीटरवर येईल असं ठेवा आणि माइक त्याच उंचीवर एक मीटर दूर. जमिनीवरून परतणारा आवाज २.६ मीटर चालून येतो, म्हणजे सुमारे ४.६ मिलिसेकंद उशिरा. आरईडब्ल्यूमध्ये त्याच्याआधी विंडो (मापासाठी धरलेला वेळेचा तुकडा) बंद केली की साधारण २२० हर्ट्झच्या वरचं माप स्वच्छ मिळतं. त्याखालचं माप माइक वूफरच्या कोनपासून पाच-दहा मिलिमीटरवर धरून घ्या. पहाटे वारा आणि रहदारी दोन्ही कमी असतात, तीच वेळ चांगली.

दोन्ही ड्रायव्हर वेगवेगळे मोजा, मग फिल्टरकडे वळा. लिंकविट्झ आणि रायली यांनी १९७६ साली मांडलेला २४ डीबी प्रति ऑक्टेव्हचा उतार इथे वापरायचा आहे. त्यात क्रॉसओव्हरच्या जागी दोन्ही ड्रायव्हर ६ डीबीने खाली असतात आणि एका फेजमध्ये चालतात (दोघांच्या लाटा एकदमच वर-खाली होतात), म्हणून बेरीज सपाट येते. नवख्यांची गाडी अडते ती इथेच. ट्विटरचा रेझोनन्स (तो स्वतःहून थरथरतो ती फ्रिक्वेन्सी) १००० हर्ट्झ असेल तर त्याखाली तो आपला आपणच प्रति ऑक्टेव्ह १२ डीबीने उतरत असतो. त्याच्यावर २४ चा फिल्टर घातला की एकूण उतार त्याहून तीव्र होतो आणि फेज सरकते. २४ चा उतार हवा आहे तो माइकवर दिसणाऱ्या रेषेला, सॉफ्टवेअरमधल्या ब्लॉकला नव्हे. आरईडब्ल्यूमध्ये लक्ष्याची रेषा काढा, सिग्मास्टुडिओत (या चिपचा प्रोग्रॅम बनवण्याचं सॉफ्टवेअर) १२ च्या उतारापासून सुरुवात करा आणि दोन-तीन पॅरामेट्रिक फिल्टर (एखादाच पट्टा वर-खाली करणारे) घालत मोजलेली रेषा लक्ष्यावर आणून बसवा. क्रॉसओव्हरच्या दोन्ही बाजूंना निदान एक-एक ऑक्टेव्ह ती जुळली पाहिजे.

डिले त्यानंतर. ट्विटरचा आवाज वूफरपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर पुढून निघतो. ४८ किलोहर्ट्झच्या सँपल रेटला एक सँपल म्हणजे ७.१ मिलिमीटर, तेव्हा ट्विटरला तीनचा डिले देऊन बघा. बरोबर जमलं की नाही हे सपाट रेषेवरून ठरवू नका. ट्विटरची पोलॅरिटी (अधिक-वजा) मुद्दाम उलटी करून मोजा: क्रॉसओव्हरच्या जागी २० डीबीपेक्षा खोल, दोन्ही बाजूंना सारखी दरी पडली तर डिले बरोबर आहे. दरी उथळ किंवा तिरकी आली तर एक सँपल पुढेमागे करा. दरी सापडली की पोलॅरिटी सरळ करायला विसरू नका.

२०० मिलिमीटर रुंदीच्या बॅफलमुळे (पुढच्या फळीमुळे) साधारण ५७५ हर्ट्झच्या खालचा आवाज मागे पसरून पातळ होतो. सिद्धांतात ६ डीबी जातात. भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरला ३ ते ४ डीबी भरून दिले तरी पुरे. खोल बाससाठी मात्र हात आखडता ठेवा: ६ डीबी वाढवले की चौपट पॉवर लागते आणि कोनची हालचाल दुप्पट होते. ४० हर्ट्झला हाय-पास, म्हणजे त्याखालचं कापणारा फिल्टर, घाला. खोली बारा फुटांची असेल तर ४७ हर्ट्झच्या आसपास घुमणारच. तो उंचवटा कापा, शेजारची दरी भरायला जाऊ नका. कितीही पॉवर घातली तरी ती भरत नाही.

सगळं जमल्यावर बोर्ड बंद करून चालू केला आणि सेटिंग गायब झाली, तर प्रोग्रॅम ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी लक्षात ठेवणाऱ्या मेमरीत) लिहिलेला नसतो. लिहिताना राइट-प्रोटेक्ट बंद असावं लागतं आणि नंतर सेल्फ-बूटची पिन (चालू होताच मेमरीतला प्रोग्रॅम उचलायला सांगणारी) हाय ठेवलेली लागते.

दुसऱ्या खोक्याला पहिल्याचेच फिल्टर टाका, पण तेही मोजा. स्वस्त ड्रायव्हरांच्या जोडीत एक-दोन डीबीचा फरक निघू शकतो आणि तेवढ्याने गायक मधून बाजूला सरकतो. फरक पातळीचा असेल तर गेनने काढा, एखाद्याच पट्ट्यात असेल तर त्या खोक्यापुरता एक फिल्टर वाढवा. दोन्ही खोक्यांच्या मापांच्या फायली तारखेसकट जपून ठेवा. इंटरव्ह्यूला वाजणारा स्पीकर नेता येत नाही, पण आधीची आणि नंतरची रेषा नेता येते, आणि टेस्टिंग किंवा एम्बेडेडमधला माणूस प्रश्न विचारतो ते त्या रेषांवर.