लॅपटॉपची स्क्रीन लवकर जाते? या चुका टाळा

‘दादा, ही स्क्रीन अजून किती वर्षं टिकेल?’ म्हापशात लॅपटॉप दुरुस्त करताना हा प्रश्न सतत कानावर येतो. कागदावरचं उत्तर सोपं आहे. एलसीडी पॅनेलमागे एलईडी दिव्यांची पट्टी असते आणि अनेक पॅनेलच्या माहितीपत्रकात तिचं आयुष्य किमान १५,००० तास दिलेलं असतं. रोज आठ तासांचा वापर धरला तर साधारण पाच वर्षं. त्यानंतरही दिवे विझत नाहीत, उजेड मूळच्या निम्म्यावर येतो इतकंच. ब्राइटनेस बेताची ठेवली तर ही मुदत आणखी लांबते.

पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक स्क्रीनचे दिवे धडधाकट असतात. त्या जातात भलत्याच कारणांनी.

सगळ्यात जास्त नुकसान उघडझाप करताना होतं. एक कोपरा धरून झाकण वर ओढलं की सगळा पीळ एकाच बिजागरीवर पडतो. तिचे स्क्रू प्लॅस्टिकातून सुटू लागतात आणि बिजागरीजवळून जाणारी डिस्प्लेची बारीक केबल घासत जाते. झाकण हलवलं की चित्र थरथरतं, रेघा येतात आणि जातात, ते बहुतेक वेळा या केबलमुळे. एवढ्यावर आणलात तर केबलवर भागतं, आणि ती पॅनेलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. कडक झालेली बिजागरी तशीच रेटत राहिलात तर झाकणाचं प्लॅस्टिक फुटतं, पाठोपाठ पॅनेललाही तडा जातो. झाकण वरच्या कडेला मधोमध धरून उघडा. सवय लागायला आठवडा पुरतो.

मिटताना कीबोर्डवर हात फिरवून बघा. इअरफोनचं एक बोंडसुद्धा स्क्रीन फोडायला पुरेसं आहे. कॅमेऱ्यावर चिकटवायची प्लॅस्टिकची पट्टीही काढा. २०२० मध्ये ॲपलने मॅकबुकच्या बाबतीत हीच सूचना दिली होती. आणि स्कूटरवर पाठीच्या बॅगेत लॅपटॉपला टेकून जेवणाचा डबा कोंबू नका. खड्ड्यागणिक तो झाकणावर दाबला जातो आणि पांढरे डाग उमटतात. ते पुसून जात नाहीत.

आता आपल्या पावसाबद्दल. जूनपासून चार महिने गोव्यात कपडे वाळत नाहीत, तर लॅपटॉपच्या आतला ओलावा कसा वाळेल? चवथीला मूळ घरी जाताना फ्लॅटमधल्या कपाटात लॅपटॉप बंद करून जाणारे बरेच असतात. दमट हवेत जोडणीच्या पिना काळ्या-हिरव्या पडतात आणि परतल्यावर स्क्रीन लागत नाही. सोबत न्या, नाहीतर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी उघडा लॅपटॉप रात्रभर बाल्कनीत ठेवूच नये, खारा वारा पिना आणखी लवकर खातो. एसीच्या ऑफिसातून बाहेर आलात तर तो अर्धा तास बॅगेतच राहू द्या. थंड यंत्रावर बाहेरच्या दमट हवेचं दव धरतं.

काच पुसायचा फवारा थेट मारू नका. अमोनियाने वरचा लेप जातो आणि ओघळलेलं पाणी खालच्या कडेतून पॅनेलच्या सर्किटपर्यंत पोहोचतं. लॅपटॉप बंद करून मऊ मायक्रोफायबर किंचित ओला करा आणि हलक्या हाताने पुसा. स्क्रीन ओएलईडी (मागे दिवे नसतात, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) असेल तर एकच चित्र तासन्तास ठेवू नका, त्याचा ठसा राहतो.

स्क्रीन काळी पडली की घाबरून लगेच नवी घेऊ नका. अंधारात टॉर्च तिरका धरा. पुसट चित्र दिसलं तर बिघाड दिव्यांचा, केबलचा किंवा दिव्यांना वीज देणाऱ्या सर्किटचा आहे. काहीच दिसलं नाही तर एचडीएमआयने टीव्हीला जोडून बघा. तिथे चित्र स्वच्छ आलं तर दोष पॅनेलचा किंवा केबलचा. टीव्हीवरही रेघा आल्या तर मदरबोर्ड तपासायला हवा. पॅनेल बदलायचंच ठरलं, तर जुन्याच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो दुकानदाराला पाठवा. दिसायला सारखी पॅनेल ३० आणि ४० पिनांची येतात, आणि चुकीचं मागवलं तर ते बसतच नाही.