लवादाचं कलम: सहीआधी आणि सहीनंतर या चुका टाळा

सोसायटीच्या पुनर्विकासाचा करार असो की दुकानाच्या फर्निचरचा, लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवादाकडे (निवाडा देणाऱ्या त्रयस्थाकडे) सोपवायची अट, शेवटच्या पानांत दडलेलं असतं. फ्लॅटचं क्षेत्रफळ, भाडं, बँक गॅरंटी सगळं काथ्याकूट करून ठरतं; हे कलम मात्र जुन्या करारातून जसंच्या तसं उचललेलं.

मध्यंतरी पुण्यातल्या एका सोसायटीचा करार वाचायला आला. त्यात होतं, 'वाद झाल्यास उभय पक्षांची संमती असेल तर लवादाकडे जाता येईल.' हे लवादाचं कलम नव्हेच! पुढे नव्याने संमती लागणार असेल तर तो लवादाचा करार ठरत नाही, हे जगदीश चंदर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलंय. 'जाता येईल' खोडा आणि 'वाद लवादाकडेच सोपवला जाईल' असं लिहा.

पुढची ओळ आणखी घातक होती: 'लवादाची नेमणूक विकासक करेल.' निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमायचा नाही, असं पर्किन्स ईस्टमन निकालाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तरी असा लवाद नेमलाच, तर गुपचूप हजर राहू नका. पहिल्याच तारखेला लेखी हरकत द्या. दोन-तीन लाखांच्या वादासाठी तीन लवाद नेमणारी कलमंही दिसतात, तेव्हा जीव तुटतो. तिघांची फी भरता भरता मूळ रक्कमच संपते. एकच लवाद ठेवा, आणि लवादाचं स्थान कोणतं शहर तेही लिहा, कारण सहसा तिथल्याच कोर्टात पुढचे अर्ज करावे लागतात.

समोरच्याने करारातलं हे कलम डावलून दिवाणी दावा ठोकला, तर सवयीने कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दाखल करू नका. वाद लवादाकडे पाठवा, असा लवाद कायद्याच्या कलम ८ चा अर्ज त्याआधी किंवा फार तर तिच्यासोबतच द्यावा लागतो. आणि 'बोलणी चालू आहेत' म्हणून मागणी करण्याची कायदेशीर मुदत थांबत नाही. पैशाच्या मागणीला साधारण तीन वर्षं असतात. लवादाची नोटीस समोरच्याला मिळते त्या दिवशी कारवाई सुरू झाली असं कायदा मानतो, म्हणून पोचपावती जपा.

सगळ्यात जास्त नुकसान लवादाच्या निवाड्यानंतर होतं. त्याला कोर्टात आव्हान द्यायला तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस. त्यानंतर कोर्टही मुदत वाढवू शकत नाही. नुसता आव्हान अर्ज केल्याने वसुली थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो. मुदत मोजायची ती निवाड्याची सही केलेली प्रत मिळाल्यापासून. ती आली त्याच दिवशी पाकिटावर तारीख घाला आणि पाकीट फाइलला लावा.