ऑनलाइन पावणी: पहिली बोली लावण्याआधी

गोव्यातल्या देवळात जत्रेची पावणी, म्हणजे लिलाव, होते तेव्हा केळ्यांचा घड बाजारभावाच्या दहापट गेला तरी घेणाऱ्याला त्याचं वाईट वाटत नाही. ते पैसे देवाला पोचतात. हीच सवय घेऊन ऑनलाइन लिलावात उतरलात तर मात्र फटका बसतो. तिथे ‘एकवार, दोनवार’ म्हणणारा कोणी नसतो. घड्याळ उलटं धावत असतं आणि शेवटच्या दोन मिनिटांत बोट आपोआप मोठा आकडा दाबतं. म्हणून आपला आकडा आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवायचा.

तो काढायचा कसा? समजा, पोर्तुगीज राजवटीतला 1881 किंवा 1882 चा चांदीचा रुपिया घ्यायचाय. आपल्याकडच्या नवख्या संग्राहकांचं मन बहुधा यावरच जातं. विक्रेते किती मागताहेत ते बघू नका, मागायला पैसे पडत नाहीत. ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटवर ‘विकलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावा, भारतीय लिलावगृहांच्या साइटवर जुन्या लिलावांचे निकाल उघडा. तेच साल, तशीच झीज असलेली पाच-सहा नाणी कितीला गेली ते लिहा. त्यातला सगळ्यात मोठा आकडा खोडा, कारण तो बहुतेकदा दोघांच्या ईर्ष्येतून आलेला असतो. उरलेल्यांच्या मधला आकडा हा तुमचा भाव.

आता त्यातून खर्च वजा करा. लिलावगृह बोलीवर खरेदीदाराकडून प्रीमियम, म्हणजे स्वतःचं वरचं शुल्क, घेतं आणि त्यावर जीएसटी असतो. खिशातून 6,000 रुपयांपेक्षा जास्त जाऊ द्यायचे नसतील आणि प्रीमियम 15 टक्के असेल, तर बोली 5,000 वर थांबते: 750 प्रीमियम, आणि उरलेल्या 250 मध्ये जीएसटी आणि टपाल. टक्केवारी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, अटींचं पान वाचल्याशिवाय नोंदणी करू नका. ईबेचा भारतातला बाजार 2018 मध्ये बंद झाला. आता तिथून घेतलेली बहुतेक वस्तू परदेशातून येते, म्हणजे पोस्टेज, कस्टम ड्युटी, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आणि कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. कुरिअरवाला केवायसीची कागदपत्रंही मागतो. ती वेळेत दिली नाहीत तर पार्सल कस्टममध्ये अडकून पडतं.

बोलीचं यंत्र समजून घेतलं की निम्मी घाई जाते. ईबेवर तुम्ही कमाल आकडा देता, आणि साइट तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवते. तुमची कमाल 63.57 डॉलर, दुसऱ्याची 48, तर नाणं तुम्हाला 49 ला मिळतं, कारण त्या टप्प्यात बोली एकेका डॉलरने चढते. कमाल गोल आकड्यात देऊ नका. 60 लिहिणारे पुष्कळ असतात, आणि दोघांची कमाल सारखी असेल तर आधी टाकणारा जिंकतो. बोली शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत, एकदाच टाका. आधीपासून डिवचत राहिलात तर समोरच्याला पुन्हा विचार करायला वेळ मिळतो. काही साइट शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढवतात. तिथे ही युक्ती चालत नाही, कागदावरचा आकडाच तारतो.

बोलींचा इतिहासही उघडून पाहा. जवळजवळ शून्य फीडबॅकचं खातं त्याच विक्रेत्याच्या वस्तूंवर पुन्हा पुन्हा बोली लावत असेल, तर तो विक्रेत्याचाच माणूस असण्याची शक्यता मोठी. तो लिलाव सोडून द्या, दुसरं नाणं येतं.

विक्रेत्याच्या चांगल्या शेऱ्यांची टक्केवारी एकटी पुरेशी नाही. वाईट शेरे आधी वाचा, आणि त्याने याआधी काय विकलंय ते पाहा. दोनशे मोबाइल कव्हर विकून मिळवलेली ख्याती जुन्या नाण्याच्या सौद्यात काही कामाची नाही. मग त्याला तीन गोष्टी विचारा: वजन, व्यास आणि कडेचा फोटो. 1881-82 चा रुपिया 11.66 ग्रॅमचा, 91.7 टक्के चांदीचा असतो. झिजून थोडं वजन कमी होईल, पण 10 ग्रॅम भरला तर तो नकलीच समजा. कडेवर उभ्या बारीक रेघा असतात. त्या जागी गोल फिरणारी शिवण किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या, तर नाणं साच्यात ओतलेलं आहे. अक्षरं साबणासारखी गुळगुळीत आणि नाण्याच्या मोकळ्या सपाट भागावर बारीक खड्डे हीसुद्धा ओतकामाचीच खूण. चुंबकाला चिकटलं तर वेगळं सांगायला नको. आणि साल बघाच: 1947 च्या रुपियात चांदी निम्मीच, 1952 चा तर तांबे-निकेलचा. तिन्ही ‘चांदीचा पोर्तुगीज रुपिया’ या एकाच मथळ्याखाली विकले जातात.

गोव्यातल्या खरेदीदाराने एक गोष्ट विसरू नये. जुन्या घरांतल्या हस्तिदंती संतमूर्ती लिलावात दिसल्या तरी हात लावायचा नाही. हस्तिदंताचा व्यापार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती आणि शिल्पांसाठी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणीचा दाखला मागा. टाळाटाळ झाली, तर वस्तू चोरीचीही असू शकते.

पैसे साइटच्याच मार्गाने द्या. ‘बाहेर सौदा करू, दहा टक्के कमी घेतो’ असा मेसेज आला की संरक्षण तिथेच संपतं. ईबेची पैसे परतीची हमी साधारण 30 दिवसांची असते, आणि ती साइटवर भरलेल्या पैशांनाच लागू आहे. परतावा घेताना यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. ‘तुमची जुनी पाचची नोट लाखात जाईल, आधी नोंदणी फी भरा’ हाही तसाच फसवणुकीचा धंदा. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांविरुद्ध इशारा दिला होता.

पत्ता लिहिताना नुसता घर क्रमांक आणि गाव पुरत नाही. वाडा, जवळचं देऊळ, कपेल (छोटं चर्च) किंवा तिठा, आणि 403 ने सुरू होणारा पूर्ण पिन लिहा. नाहीतर पार्सल ‘पत्ता सापडला नाही’ म्हणून परत जातं. जून ते सप्टेंबरमध्ये मागवत असाल तर आतून प्लॅस्टिकची बंद पिशवी घालायला सांगा. ओलं पुस्तक किंवा जुनं पोस्टकार्ड दोन दिवसांत बुरशी धरतं.

पाकीट कापण्याआधी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा. पत्त्याचं लेबल, सील, मग वस्तू आणि वजनकाट्यावरचा आकडा, सगळं एकाच न तुटलेल्या व्हिडिओत येऊ द्या. वस्तू वेगळी निघाली तर आधी साइटवर तक्रार नोंदवा, विक्रेत्याशी फोनवर वाद घालत मुदत घालवू नका. पैसे फसवणुकीने गेले असतील तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकाला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखले जाण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते.